पडदा वर्गात आला, पण कशाच्या जागी?

गुजरातमध्ये ‘ज्ञानशाळा’ नावाची संस्था गरीब वस्त्यांमधल्या मुलांसाठी वर्ग चालवते. तिथल्या दुसरी-तिसरीच्या मुलांना गणिताचा सराव देणारं एक सॉफ्टवेअर दिलं गेलं. ली लिंडन या अर्थशास्त्रज्ञाने त्याचा परिणाम मोजून २००८ साली मांडला. काही ठिकाणी मुलं शाळेच्या वेळेतच संगणकावर बसायची, म्हणजे बाईंचा तेवढा तास जायचा. काही ठिकाणी तोच संगणक शाळेच्या आधी किंवा शाळा सुटल्यावर मिळायचा आणि बाईंचा तास जसाच्या तसा राहायचा. सॉफ्टवेअर एकच होतं. पहिल्या प्रकारातली मुलं ०.५७ प्रमाण विचलनाने मागे पडली. दुसऱ्या प्रकारातली ०.२८ ने पुढे गेली.

या आकड्यांचा अर्थ असा. शंभर मुलं कमी गुणांकडून जास्त गुणांकडे अशी ओळीत उभी करा आणि मधलं, ५०व्या जागेवरचं मूल घ्या. पहिल्या प्रकारात ते साधारण २८व्या जागेपर्यंत घसरतं. दुसऱ्या प्रकारात साधारण ६१व्या जागेपर्यंत चढतं. फरक फार मोठा आहे आणि तो यंत्रामुळे पडलेला नाही, कारण यंत्र दोन्हीकडे तेच. ज्ञानशाळेतलं वर्गातलं शिकवणं आधीच नीट आखलेलं होतं. त्यातला एक तास काढून घेतला की मुलांचं नुकसान होणारच होतं.

म्हणून एखाद्या शाळेत टॅब, स्मार्ट टीव्ही किंवा नवं ॲप आल्याचं कळलं की माझा पहिला प्रश्न असतो: हे कशाच्या जागी आलं? चांगल्या शिकवण्याच्या जागी आलं असेल, तर काळजी करायला हवी. फळ्यावरून उतरवून घेण्याच्या जागी, सगळ्या वर्गाला एकाच वेगाने पुढे ढकलण्याच्या जागी किंवा ढीगभर वह्या तपासण्याच्या जागी आलं असेल, तर त्यातून बरंच काही साधता येतं. वर्गातलं शिकवणं आणि डिजिटल साधनं एकत्र बांधण्याच्या पद्धतीला मिश्र शिक्षण म्हणतात, शाळा-कॉलेजांत ब्लेंडेड लर्निंग हा शब्द जास्त चालतो. तिच्यावर चर्चा करताना आपण उपकरणांबद्दल खूप बोलतो आणि या प्रश्नाबद्दल फार कमी.

करोनाच्या काळात जे झालं ते काय होतं?

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि महाराष्ट्रातल्या शिक्षकांनी हाताला लागेल ते वापरून मुलांपर्यंत पोहोचायची धडपड केली. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची ‘शाळा बंद... पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला रोज व्हॉट्सॲपवर यायची. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ सुरू झालं. ज्या घरात इंटरनेट नव्हतं पण टीव्ही होता, तिथे ते पोहोचलं. काही गावांत शिक्षकांनी लाउडस्पीकरवरून पाठ ऐकवले. त्या दिवसांत मुलांचा हात धरून ठेवणाऱ्या या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो.

पण ते मिश्र शिक्षण नव्हतं. वर्गच नव्हता, तर मिसळणार कशात? तो आपत्कालीन उपाय होता. त्या अनुभवावरून ‘ऑनलाइन शिक्षण फसलं’ किंवा ‘आता शाळेची गरज उरली नाही’ असे दोन्ही टोकाचे निष्कर्ष काढले गेले. दोन्ही चुकीचे आहेत.

आज शाळा भरतात तेव्हाही जे चालतं ते बऱ्याचदा शेजारी-शेजारी ठेवलेलं असतं. पाठ शिकवून झाला की टीव्हीवर त्याच पाठाचा व्हिडिओ लावायचा. पालकांच्या ग्रुपवर संध्याकाळी तीन लिंक टाकायच्या. लिंक कोणी उघडली, व्हिडिओ बघून कोणाला काय समजलं, हे दुसऱ्या दिवशीच्या तासाला कोणालाच ठाऊक नसतं.

दोन्ही गोष्टी खरोखर मिसळल्या आहेत का, हे ओळखायची खूण सोपी आहे. मुलाने पडद्यावर काय केलं ते उद्याच्या तासाआधी बाईंना कळायला हवं. आणि बाईंनी तासाला जे केलं त्यावरून पडद्यावरचा पुढचा सराव ठरायला हवा. माहिती दोन्ही दिशांनी वाहत असेल, तरच ते एक शिक्षण. २०२० च्या अखेरीस राज्यात ‘स्वाध्याय’ नावाने व्हॉट्सॲपवर दर आठवड्याला प्रश्नमंजूषा सुरू झाली, तिचं मोल मला यासाठी वाटतं. मूल उत्तर देत होतं आणि त्याचं उत्तर कुठेतरी नोंदलं जात होतं. एकतर्फी व्हिडिओपेक्षा हे एक पाऊल पुढे होतं.

अपूर्णांकांचा एक तास

हे सगळं प्रत्यक्षात कसं दिसतं ते एका तासातून पाहू. पाचवीचा वर्ग, पट ३२, विषय भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज. वर्गात टॅब नाहीत. बाईंकडे स्वतःचा एक फोन आहे आणि साध्या कागदावर छापलेली ३२ कार्डं. प्लिकर्स नावाच्या ॲपची ही कार्डं असतात. प्रत्येक कार्डावर वेगळी काळी आकृती आणि चार बाजूंना चार पर्याय. मुलाने निवडलेला पर्याय वर येईल असं कार्ड धरायचं. बाई फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतात आणि कोणी काय उत्तर दिलं ते स्क्रीनवर उमटतं. शेजारच्याचं कार्ड बघून उत्तर द्यायला जमत नाही, कारण प्रत्येकाची आकृती वेगळी.

फळ्यावर प्रश्न: १/२ + १/३ = किती? पर्याय आहेत २/५, ५/६, १/६ आणि २/६. समजा फोनवर दिसलं की १९ मुलांनी २/५ निवडलंय. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. भारतभर आणि भारताबाहेरही मुलं अगदी हीच चूक करतात.

आता बाईंपुढे दोन वाटा आहेत. एक म्हणजे ‘चूक’ असं सांगून फळ्यावर लसावि काढायची रीत पुन्हा लिहून देणं. दुसरी वाट जरा लांबची. बाई सारख्या लांबीच्या कागदी पट्ट्या वाटतात. एका पट्टीची घडी घालून दोन समान भाग करायचे, दुसरीचे पाच. मग अर्धा भाग आणि पाचातले दोन भाग एकमेकांशेजारी ठेवायचे. दोन पंचमांश अर्ध्यापेक्षा लहान निघतात. मग बाई विचारतात, “अर्ध्यात आपण अजून काहीतरी मिळवलं. मग उत्तर अर्ध्यापेक्षा लहान कसं आलं?”

या प्रश्नानंतर वर्गात जो गोंधळ होतो, त्यातच गणित शिकलं जातं. कोणी म्हणतं, पट्टीच चुकीची आहे. ज्याची पाचाची घडी तिरकी झाली, त्याचं उत्तर वेगळं येतं आणि तो हटून बसतो. भाग समान का असावे लागतात हे त्या वादातून त्याला कळतं, इतरांनाही कळतं. मग तीन भागांची पट्टी, मग सहा भागांची. अर्धा म्हणजे सहातले तीन, एक तृतीयांश म्हणजे सहातले दोन, दोन्ही मिळून पाच. ५/६ हे उत्तर आता मुलांच्या बोटांखाली आलेलं असतं. पडद्यावरही अशा पट्ट्यांची सुंदर ॲनिमेशनं मिळतात. पण पाचवीच्या मुलाने घडी स्वतःच्या हाताने घालावी असं मला ठामपणे वाटतं. पडद्यावरची घडी कधीच तिरकी पडत नाही.

तासाच्या शेवटी पुन्हा कार्डं, पुन्हा तसाच एक प्रश्न. ज्यांना जमलं त्यांना सरावासाठी पुढची, जरा अवघड गणितं. ज्यांना अजून अडतंय त्यांना एक पायरी मागची, सममूल्य अपूर्णांकांची. हा सराव शाळेच्या संगणकावर होऊ शकतो, घरच्या फोनवर होऊ शकतो आणि काहीच नसेल तर स्वाध्याय पुस्तिकेतही.

यात कोणी काय केलं ते बघा. फोनने अर्ध्या मिनिटात मोजणी केली. डोळ्यांसमोर गोष्ट आणली ती कागदाने. प्रश्न मात्र बाईंनी विचारला, आणि तो कुठल्याही ॲपमध्ये आयता मिळत नाही, कारण तो या वर्गातल्या या मुलांच्या चुकीवरून सुचलेला आहे. फोन आला तो वह्या गोळा करून चार दिवसांनी चूक कळण्याच्या जागी. शिकवण्याची जागा बाईंकडेच राहिली.

अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात एरिक माझूर हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक १९९१ पासून याच धर्तीवर शिकवत आले. विद्यार्थ्यांनी धडा आधी वाचून यायचं, वर्गात एक विचार करायला लावणारा प्रश्न, प्रत्येकाने उत्तर नोंदवायचं, मग शेजाऱ्याला आपलं उत्तर पटवून द्यायचं आणि पुन्हा उत्तर नोंदवायचं. पाचवीच्या वर्गातही हे जसंच्या तसं करता येतं. ‘शेजाऱ्याला पटव’ हे तर मुलांना मनापासून आवडतं.

पडद्याच्या हाती काय द्यावं

पडदा कंटाळत नाही, ही त्याची सगळ्यात मोठी ताकद. सातव्यांदा तोच पाढा, तेच स्पेलिंग, तोच उच्चार तो त्याच सुरात देतो. जे डोळ्यांनी दिसत नाही ते तो दाखवतो: हृदयाची झडप उघडताना, चंद्राच्या कला अवकाशातून. उत्तर बरोबर की चूक हे तिथल्या तिथे सांगतो. वर्गात हात वर करायला लाजणारं मूल पडद्यापुढे न घाबरता चुकतं.

व्हिडिओ छोटा असावा. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावरच्या जवळजवळ ६९ लाख व्हिडिओ-सत्रांची पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. व्हिडिओ सहा मिनिटांपेक्षा लांबला की बघणाऱ्यांचं लक्ष टिकत नाही, असं त्यात दिसलं. तेही स्वतःहून नाव नोंदवणाऱ्या मोठ्या माणसांचं. ४० मिनिटांचं रेकॉर्ड केलेलं व्याख्यान आठवीच्या मुलाला पाठवणं म्हणूनच फुकट जातं.

आणि व्हिडिओनंतर प्रश्न हवेतच. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांचा २००६ चा एक प्रयोग यासाठी लक्षात ठेवण्यासारखा आहे. एक उतारा काही विद्यार्थ्यांनी पुन्हा वाचला. काहींनी पुन्हा न वाचता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्याने चित्र उलटलं: पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होतं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. व्हिडिओ दोनदा बघण्यापेक्षा एकदा बघून चार प्रश्न सोडवणं जास्त टिकतं. गुणांची भीती नसलेल्या छोट्या चाचण्या घेणं आणि तपासणं हे काम यंत्राला द्यायला अगदी योग्य आहे.

एका वर्गात अनेक इयत्ता

मिश्र शिक्षणाची सगळ्यात जास्त गरज कुठे आहे असं विचाराल तर मी म्हणेन, जिथे एकाच बाकावर बसलेल्या दोन मुलांमध्ये तीन इयत्तांचं अंतर आहे तिथे. म्हणजे आपल्या जवळपास प्रत्येक शाळेत.

दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या सॉफ्टवेअरच्या केंद्रांचा अभ्यास कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंग आणि अलेहांद्रो गानिमियान यांनी केला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ६१९ मुलं, त्यातल्या कोणाला प्रवेश मिळेल हे सोडत काढून ठरवलेलं. आधी मुलांची पातळी तपासली तेव्हा दिसलं की सहावीतलं मूल गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे आहे आणि वर्ग जसजसा वरचा, तसतसं हे अंतर वाढत जातं. अशा मुलाला सहावीचं पुस्तक शिकवत राहिलं तर ते वर्गात बसतं, वही भरतं आणि काहीच शिकत नाही.

केंद्रात रोज दीड तास होता. निम्मा वेळ संगणकावर, जिथे सॉफ्टवेअर मुलाच्या उत्तरांवरून त्याची खरी पातळी शोधून तिथूनच प्रश्न द्यायचं. उरलेला निम्मा वेळ छोट्या गटात शिकवणाऱ्या ताई-दादांबरोबर. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलनाची वाढ झाली. मघाच्या ओळीत सांगायचं तर गणितात ५०व्या जागेवरचं मूल साधारण ६४व्या जागेवर गेलं. मात्र शाळेच्या स्वतःच्या परीक्षेत गणिताचे गुण तसे वाढले नाहीत. त्याचं कारण समजण्यासारखं आहे. मूल तिसरीच्या पातळीवरून चौथीच्या पातळीवर आलं, पण प्रश्नपत्रिका सहावीचीच होती. पालकांनी आणि अधिकाऱ्यांनी हे आधीच समजून घेतलं नाही, तर चांगला चाललेला उपक्रम पहिल्या सत्राच्या निकालानंतर बंद पडतो.

मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने वडोदऱ्यात याआधीच एक प्रयोग केला होता. चौथीची मुलं, एका संगणकावर दोघं, आठवड्यातून दोन तास गणिताचे खेळ. दुसऱ्या वर्षी ०.४७ प्रमाण विचलनाची वाढ दिसली. कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात त्यातला बराचसा फरक विरून गेला. सराव थांबला की कमावलेलं टिकत नाही. म्हणून एका वर्षाच्या निधीवर उभ्या राहणाऱ्या योजनांबद्दल मला शंका वाटते.

द्विशिक्षकी शाळेत हीच गोष्ट वेगळ्या रूपात येते. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत, प्रत्येक खोलीत एक शिक्षक. तिसरीला भागाकार शिकवताना चौथीने काय करायचं? इथे गट फिरवायची पद्धत चांगली चालते. खोलीत तीन जागा ठरवायच्या. एका जागी गुरुजी छोट्या गटाला शिकवतात. दुसऱ्या जागी तीन-चार टॅबवर सराव. तिसऱ्या जागी वाचन किंवा जोडीने लिहायचं काम. वीस मिनिटांनी गट पुढे सरकतात. गुरुजींना एका वेळी आठ-दहा मुलं मिळतात आणि प्रत्येकाच्या वहीत डोकावता येतं. पहिल्या आठवड्यात गडबड होईल, टॅबच्या जागेवर भांडणं होतील. गटप्रमुख ठरवून दिले आणि वेळेची घंटा मुलांच्याच हातात दिली की दोन आठवड्यांत बस्तान बसतं.

घरी बघा, वर्गात सोडवा?

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात वुडलँड पार्क हायस्कूलमध्ये जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स हे रसायनशास्त्राचे शिक्षक. २००७ च्या सुमारास त्यांनी आपले तास रेकॉर्ड करायला सुरुवात केली, कारण खेळाच्या स्पर्धांमुळे मुलांचे तास बुडत होते. मग त्यांच्या लक्षात आलं की समजावणं घरी व्हिडिओवर झालं, तर वर्गातला वेळ उदाहरणं सोडवायला मोकळा होतो. गृहपाठ वर्गात आणि व्याख्यान घरी, म्हणून याला उलटा वर्ग म्हणतात. मूल अडतं ते उदाहरण सोडवताना. तेव्हाच शिक्षक शेजारी असावा, हा त्यामागचा विचार मला फार पटतो.

पण आपल्याकडे तो जसाच्या तसा आणू नये. मुलांच्या शिक्षणाचा अंदाज घेणाऱ्या ‘असर’ या अहवालाच्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीनुसार १४ ते १६ वयोगटातल्या सुमारे ९० टक्के मुलांच्या घरात स्मार्टफोन आहे आणि ८२ टक्क्यांना तो वापरता येतो. वापरता येणाऱ्यांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात अभ्यासाशी संबंधित काही तरी त्यावर केलं होतं आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमं वापरली होती. घरात फोन असणं आणि मुलाला अभ्यासासाठी संध्याकाळी सात वाजता फोन मिळणं यात अंतर आहे. फोन वडिलांसोबत कामावर जातो. दोन भावंडं असली की आधी थोरल्याला मिळतो, आणि थोरली मुलगी असेल तर तिच्या वाट्याला भांडी येतात, फोन धाकट्या भावाकडे जातो. व्हिडिओ घरी बघून यायचीच अट घातली, तर ज्या मुलांना आधाराची सगळ्यात जास्त गरज आहे तीच दुसऱ्या दिवशी कोरी येतात.

म्हणून प्राथमिक शाळेत उलटा वर्ग नकोच. नववीपासून पुढे आणि ज्युनियर कॉलेजात करायचा असेल, तर व्हिडिओ शाळेतच, तासाच्या पहिल्या आठ-दहा मिनिटांत बघायची सोय ठेवावी. व्हिडिओ आधीच डाउनलोड करून ठेवावा. रेंजच्या भरवशावर तास आखला की तास वाया जाण्याची भीती असते.

पाठ्यपुस्तकातला चौकोन

महाराष्ट्राकडे एक गोष्ट आहे जी अनेक श्रीमंत देशांतही इतकी सहज नसेल. बालभारतीच्या पुस्तकात पाठाशेजारी क्यूआर कोड छापलेला असतो. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी हा वापर आपल्या शाळेत सुरू केला आणि पुढे तो राज्याच्या पाठ्यपुस्तकांपर्यंत गेला. २०२० चं १० लाख डॉलरचं ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळालं आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांमध्ये वाटली. २०१७ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या ‘दीक्षा’ ॲपवर हे कोड उघडतात आणि साहित्य डाउनलोड करूनही ठेवता येतं.

या चौकोनाचं महत्त्व असं की साहित्य शोधत बसावं लागत नाही. यूट्यूबवर ‘प्रकाशसंश्लेषण’ शोधलं की शेकडो व्हिडिओ येतात, त्यातले कुठले आपल्या इयत्तेचे, कुठले बरोबर, हे ठरवण्यात शिक्षकाची संध्याकाळ जाते. कोड पानावर असल्यामुळे पुस्तक आणि पडदा एकाच पाठाला बांधलेले राहतात. पण कोड उघडला म्हणजे पाठ शिकला असं होत नाही. कोड कधी उघडायचा, हे शिक्षकाने ठरवावं. विज्ञानाच्या पाठात मी तो प्रयोगानंतर उघडायला सांगेन. मुलांनी आधी स्वतः बघावं, अंदाज बांधावा, मग पडद्यावर पडताळावं. कवितेच्या बाबतीत उलट. चाल लावलेली कविता आधी ऐकवली की मुलं तीच चाल धरून बसतात. म्हणून आधी मुलांना मोठ्याने, आपापल्या लयीत म्हणू द्यावी. कोड नंतर.

नुसती यंत्रं वाटल्याने काय होतं, याचा सगळ्यात मोठा पुरावा दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशातून आला. प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप देण्याच्या योजनेत ३१९ शाळांचा अभ्यास झाला. भाषा आणि गणितात काही फरक आढळला नाही. याच योजनेचे लॅपटॉप २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराटच्या छोट्या शाळेतही आले होते. आपल्याकडे गावकऱ्यांनी लोकवर्गणी काढून शाळेला स्मार्ट टीव्ही घेतल्याची उदाहरणं जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. त्या पैशात मजुरीचे दिवस असतात. म्हणून टीव्ही घेण्याआधी शाळा व्यवस्थापन समितीने त्याचं वीजबिल कोण भरणार, बिघडला तर दुरुस्ती कोण करणार आणि आठवड्यातल्या कुठल्या तासाला तो लागणार, हे तिन्ही ठरवून घ्यावं.

कॉलेजात आणि मुक्त विद्यापीठात

उच्च शिक्षणात हा बदल नियमांतून आला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या व्यासपीठावरच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांतून ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक (क्रेडिट) घेण्याची मुभा दिली. त्याच वर्षीच्या मिश्र पद्धतीच्या मसुद्यात इतर अभ्यासक्रमांचाही ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन शिकवता यावा असं सुचवलं.

इथे एक सावधगिरी हवी. एमआयटी आणि हार्वर्डच्या एडएक्सवरच्या मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांची २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते की २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी जेमतेम ३ टक्क्यांनी अभ्यासक्रम पूर्ण केला. साहित्य उत्तम होतं. वाट बघणारं, विचारणारं माणूस नव्हतं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये सुरू झालं ते ही गोष्ट ओळखूनच. स्वतः वाचता येतील अशी पुस्तकं आणि गावाजवळच्या अभ्यासकेंद्रावर संपर्क सत्रं. आपापलं काम सांभाळून शिकणारी गृहिणी, पोलीस शिपाई, शेतकरी अशी सगळी माणसं त्या सत्रांच्या आधाराने पदवीपर्यंत पोहोचली. पडदा नव्हता, पण दूरचं आणि जवळचं यांची वाटणी विचारपूर्वक केलेली होती. ४० टक्के तास ऑनलाइन करणाऱ्या कॉलेजांनी शिल्लक ६० टक्क्यांत काय करणार हे आधी लिहून काढावं. तिथेही नोट्स सांगून लिहून घेणंच चालू राहिलं, तर विद्यार्थ्याचं प्रवासभाडं वाचेल, शिक्षण होणार नाही.

अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २००९ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा आढावा घेतला. मिश्र पद्धतीने शिकणारे नुसत्या वर्गात शिकणाऱ्यांपेक्षा पुढे दिसले. आढावा घेणाऱ्यांनीच बजावलं की मिश्र पद्धतीत मुलांना बऱ्याचदा शिकायला जास्त वेळ आणि जास्त साहित्य मिळालं होतं, म्हणून सगळं श्रेय पडद्याला देऊ नये. ज्ञानशाळेच्या आकड्यांशी हे अगदी जुळतं.

शिक्षकाचा तास कुठून आणायचा

ज्या शिक्षकांना सुरुवात करायची आहे त्यांनी एका विषयातला एकच घटक घ्यावा, जिथे मुलं दरवर्षी अडतात तोच. त्या घटकाआधी चार-पाच प्रश्नांनी चूक शोधावी, त्या चुकीवर वर्गात काम करावं, सराव पडद्याला द्यावा आणि आठवड्याने पुन्हा तेच प्रश्न वेगळ्या आकड्यांनी विचारावेत. पालकांनी शाळेला ‘किती टॅब आहेत’ हे विचारण्याऐवजी ‘माझ्या मुलाने ॲपवर केलेल्या चुका कोण बघतं आणि कधी’ हे विचारावं. मुलाचं नाव, फोटो, गुण ॲपवर जात असतील तर ते कुठे साठतात हेही विचारायचा त्यांना पूर्ण हक्क आहे.

चुका बघायला मात्र वेळ लागतो, आणि तो आज कुठल्याच वेळापत्रकात नाही. शिक्षकाच्या वाट्याला ऑनलाइन माहिती भरणं, पोषण आहाराच्या नोंदी, सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं आहेतच. त्यात मिश्र शिक्षण आणखी एक नोंदवही म्हणून आलं तर ते नोंदवहीतच राहील. आठवड्यातली एक तासिका मुलांची उत्तरं वाचून पुढचे गट ठरवण्यासाठी राखून ठेवावी, आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांनी तिला शिकवण्याइतकंच काम मानावं आणि शिक्षकांच्या बैठकीत, म्हणजे शिक्षण परिषदेत, त्या उत्तरांवर बोलावं. द्विशिक्षकी शाळेतही हे होऊ शकतं: शुक्रवारी शेवटच्या तासाला एका शिक्षकाने दोन्ही खोल्यांतल्या मुलांना एकत्र बसवून गोष्ट वाचून दाखवायची, दुसऱ्याने तेवढ्यात आठवड्याची उत्तरं चाळायची. पुढच्या शुक्रवारी अदलाबदल.